मीठ कोण बघणार?

माझे धाकटे दीर एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकी आहेत. स्वतः चव घेतल्याशिवाय एकही पातेलं बाहेर जाऊ देत नाहीत, आणि त्याचा भारी तोरा. गेल्या वर्षी साध्या तपासणीत कळलं, मूत्रपिंडं थकायला लागलीत. दुखतखुपत काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येत नाही, पण आहे ते बरीच वर्षं टिकवता येईल. रक्तदाब सांभाळा, मीठ कमी करा आणि पाठ दुखली की उठसूट गोळी घेणं बंद."

भाऊजींनी मनावर घेतलं. वेदनाशामक गोळ्या फेकून दिल्या. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघू लागले. माझं अळणी जेवणही, "वहिनी, तुम्हाला दवाखान्यात नोकरी पक्की," असं चिडवत का होईना, जेवत होते. तरी रक्तदाब उतरेना.

"बाहेर चोरून खाता का?"

"शपथ, वहिनी! बाहेरचा घास नाही."

एकदा डबा घरीच राहिला म्हणून मी कॅन्टीनमध्ये गेले. पाहते तर भाऊजी डावाने वाटीत रस्सा ओतून घेताहेत, घोट घेताहेत, मीठ टाकताहेत, पुन्हा घोट. मग पुढचं पातेलं.

"भाऊजी, हे काय?"

"चव बघतोय."

"आणि ते पोटात जात नाही वाटतं?"

ते हसायला गेले आणि हातातल्या वाटीकडे बघतच राहिले. भाजी चिरणाऱ्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, "चव कसली, न्याहारीच ती!"

"मग मीठ कोण बघणार? मावशी, तुम्ही?"

"का? मला जीभ नाही?"

भाऊजींनी वाटीत ताजा रस्सा ओतला. मग वाटी मावशींपुढे सरकवली. त्यांनी मुद्दाम सावकाश घोट घेतला.

"चिमूटभर हवं."

"कुणाची चिमूट?"

"तुमची हो. माझ्या चिमटीनं एवढ्या पातेल्याचं काय होणार?"

भाऊजींनी मीठ घातलं, ढवळलं. हात सवयीने वाटीकडे गेला, तसाच मागे आला.

"आता बघा."

"जमलं."

"नक्की?"

"पाठवा हो!"

पातेलं गेलं. भाऊजी दाराआड उभं राहून पहिल्या जेवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्याने एक घास खाल्ला. वर न बघता दुसरा घेतला.