उस्तादांचा बाक

मैदानावर उस्तादांनी ‘सावधान’ म्हटलं की कडुनिंबावरचे कावळे उडत. मैदानाबाहेर मात्र ते इतकं हळू बोलत की समोरच्याला वाकून कान पुढे करावा लागे. पोलिसांत कवायत शिकवणाऱ्या सगळ्यांनाच उस्ताद म्हणतात, पण आमच्याकडे तो शब्द उच्चारला की याच गृहस्थांचा सुरकुतलेला, अर्धवट झोपेतला चेहरा डोळ्यांपुढे येई.

घर चंद्रपुरात, जुन्या तटबंदीच्या, परकोटाच्या आत. वडील पिंजारी. गाद्या-रजया भरणाऱ्या घरातला हा मुलगा पोलिसांत आला, तरी कापूस पिंजायच्या धुनकीचा ठेका त्याच्या बोलण्यात राहिला होता. एकदा कोणी तरी म्हणालं, चुकार शिपायाला दोन महिने बिनपगारी घरी बसवा, आपोआप सुधारेल. उस्ताद म्हणाले, “कापूस मारल्यानं मऊ होते, माणूस नाई होत. अन् पगार बंद केला तर शिक्षा बायकोले होते. ते बिचारी कोणत्या ठाण्यात होती?”

तेव्हा जिल्ह्याला नवे साहेब आले होते. त्यांनी निलंबनाऐवजी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं आणि ते उस्तादांकडे सोपवलं. उद्घाटन थाटात झालं. फीत, समई, आणि योजनेचं नाव एवढं लांब की दोन फलक जोडावे लागले. प्रमुख पाहुणे शिस्तीवर पाऊण तास बोलले. शेवटी उस्तादांना दोन शब्द बोलायला सांगितलं. “साहेब बोल्लेच आहेत,” ते म्हणाले. “मले सतरंज्या घडी करायच्या आहेत.” आणि खरोखर करू लागले.

त्या योजनेच्या पहिल्या कसूरदारांत मी होतो.

माझी कसूर अशी. मी ठाणे अंमलदार होतो. जिवतीच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून एक बाई आली. नवरा मोहफुलं वेचायला गेला होता, दोन दिवस परतला नव्हता. मी गावाचं नाव विचारलं आणि सांगितलं, “हे आमच्या हद्दीत येत नाही. पलीकडच्या ठाण्यात जा.” पलीकडची बस गेलेली होती. तिसऱ्या दिवशी गावकऱ्यांनाच तो खडकाच्या कपारीत सापडला, मांडीचं हाड मोडलेला. तो पाय पुढे नीट जुळला नाही. पंधरा दिवसांनंतर उस्ताद माझ्याबद्दल शेरा देणार होते. शेरा वाईट आला, तर निलंबन ठरलेलं.

पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन हजर झालो. उस्तादांनी ते काढून घेतलं, वर्दी उतरवायला लावली आणि साध्या कपड्यांत मला एका ठाण्यात तक्रारदारांच्या बाकावर बसवलं.

“काय करायचं, उस्ताद?”

“बसाचं.”

“किती वेळ?”

“हेच तर कोणाले मालूम नसते इथी.”

तीन दिवस बसलो. खिडकीतलं ऊन एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर सरकत होतं. पंखा फिरत होता, वारा मात्र टेबलाकडेच जात होता. शेजारी माणसं येत, बसत, उठून जात. एका म्हातारीने न विचारता मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाली, “तुमचंबी कोणी हरवलं काय?” त्या बाकावरून टेबल फार उंच दिसतं. पलीकडचा माझाच बॅचमेट मला एखाद्या डोंगराएवढा वाटू लागला होता.

पुढचे दिवस लोकांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहिण्यात गेले. मी ‘अर्जदाराचे म्हणणे असे की’ लिहिलं की उस्ताद खोडत. “असं कोण बोलते बे?”

शेवटच्या दिवशी त्यांनी मला जिवतीच्या बसमध्ये बसवलं. घाटात धुकं होतं. वळणामागून वळणं येत होती, झाडं पुढे येऊन पुन्हा पुसली जात होती, आणि आपण कुठेच पोचू नये असं मला मनापासून वाटत होतं. पाड्यावर मोहाच्या झाडाखाली तो माणूस काठी मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी ती बाई. उस्ताद जोहार करून सरळ मातीत बसले. मी उभाच.

“बस ना. इथी कोणी सलामी घेऊन नाई राह्यला.” मग बाईंकडे वळून म्हणाले, “बाई, त्या दिवशीचं सांगा. हा लिहीन.”

तिने सांगितलं. रडली नाही, चिडली नाही. शेवटी म्हणाली, “साहेबानं वर पाह्यलंच नाई. मी दारातून मागं पाह्यलं, तरी लिहूनच राह्यले होते.”

खरं होतं. मी एका पाहुण्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त लिहीत होतो.

पेन थांबलं. हा कागद माझ्या फाइलला लागणार होता. ते वाक्य गाळलं असतं, तरी बाईंना कळलं नसतं; त्यांना वाचता येत नव्हतं. उस्ताद मोहाच्या शेंड्याकडे पाहत होते, जणू तिथे कोणी ओळखीचं राहतं. मी ते वाक्य लिहिलं. खाली माझं स्वतःचंही एक लिहिलं: ‘हे खरे आहे.’ मग मोठ्याने वाचून दाखवलं. नवऱ्याने मान हलवली. बाई आत गेली आणि तिघांसाठी पाणी घेऊन आली.

छापील फॉर्मवर ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढीच सोय होती. उस्तादांनी दोन्ही खोडून लिहिलं, ‘वर पाहतो.’ कार्यालयाने नमुन्यात नाही म्हणून कागद परत पाठवला. उस्तादांनी तोच कागद पुन्हा पाठवला. असं तीनदा झालं. शेवटी कार्यालय थकलं आणि मी कामावर रुजू झालो.

पुढे काही वर्षांनी उस्ताद गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यातच होतो, भर दुपारी. फोन ठेवला. डोळे भरून आले होते, म्हणून मान खाली घालून उगाच डायरीत काही तरी लिहू लागलो. तेवढ्यात दाराशी सावली हलली. कोणी तरी आत यावं की नाही, अशा विचारात उभं होतं.

डोळे तसेच होते. मी वर पाहिलं.