तोड आढळली नाही

डोंबिवली पश्चिमेला आमच्या इमारतीच्या मागून थोडं चाललं की खाडी लागते. खाडीच्या कडेला तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, एक पट्टा होता. मी ठाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये भूगोलाच्या एक मॅडम होत्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, नौपाड्यात एकट्या राहणाऱ्या. मुलांच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी त्या पट्ट्याची पाहणी सुरू केली. मुलांना मार्क मिळाले, मुलं निघून गेली. आम्ही मात्र दर महिन्याला जात राहिलो.

काम तसं कंटाळवाणं होतं. ओहोटीची वेळ बघून जायचं. काही झाडांना आम्ही रंगीत नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या होत्या. त्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजायचा, पानं पिवळी पडलीत का बघायचं, खाली नवी रोपं किती रुजली, खेकड्यांची बिळं ताजी आहेत का, ते टिपायचं आणि ठरलेल्या जागी उभं राहून ठरलेल्या दिशेने फोटो काढायचा. मॅडम जुन्या सलवारी गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरायच्या. त्यांचा पाय रुतला की मी हात द्यायचे, माझा रुतला की त्या हसायच्या. परत येताना आमच्याकडे पाय धुऊन पोहे खायच्या. माझा नवरा म्हणायचा, "काय म्हणतात तुमची झाडं?" मॅडम म्हणायच्या, "बरी आहेत." बरीच वर्षं खरोखर बरी होती.

मग एका हिवाळ्यात तिथे बांध दिसला. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, फुटक्या लाद्या, सिमेंटचे तुकडे. डंपर जाईल एवढा रुंद रस्ता खाडी आणि झाडं यांच्या मधोमध घातला होता. एकाही झाडाला हात लावलेला नव्हता. पण भरतीचं पाणी आता आत येत नव्हतं. चिखल तडकला. खेकडे दिसेनासे झाले. पुढच्या पावसाळ्यात उलट झालं, आत साठलेलं पाणी बाहेर जाईना. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, त्यातून झाड श्वास घेतं. ती सगळी हिरव्या, कुजक्या पाण्याखाली बुडून राहिली. पाऊस संपता संपता निम्म्या झाडांची पानं गळली.

तिथे आम्हाला भेटला तो माझाच विद्यार्थी. जवळच्या गावातला, बारावीला माझ्या वर्गात होता. आता दोन डंपरचा मालक झाला होता. मला बघून तो मोटारसायकलवरून उतरला.

"मॅडम, तुम्ही अजून येता इकडे?"

"हा भराव तुझा?"

"गाड्या माझ्या. जागा दुसऱ्याची." त्याने लपवालपवी केली नाही. "पण आपण एक पण झाड तोडलेलं नाय, बघा तुम्ही."

"तोडायची गरजच काय? पाणी अडवलंस तू."

"हां. मुळं बुजली की झाड गुदमरतं. तुम्हीच इथे आणून शिकवलेलं."

तो हे टोचून म्हणाला की सहज, ते मला आजही सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, "लाज वाटत नाही?"

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, तुमची बिल्डिंग कशावर उभी आहे? आमच्या आजोबांचं खाजण होतं ते. भात व्हायचा तिथे. तेव्हा कोण आलेलं मोजायला?" मग त्याने मान खाली घातली, "येतो मॅडम" म्हणाला आणि गेला. विद्यार्थी वाईट नव्हता. म्हणूनच जास्त राग आला.

आम्ही तक्रार केली. ऑनलाइन केली, ती काही दिवसांत 'निकाली' निघाली. मग ठाण्याला कचेऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका खात्यात सांगितलं, जमीन दुसऱ्या खात्याकडे. तिथे सांगितलं, झाडं पहिल्याकडे. मॅडम दरवेळी फोटोंची फाइल छातीशी धरून बाकावर बसायच्या. वर्षानुवर्षांचे फोटो, एकाच जागेवरून काढलेले. त्यांना वाटायचं, हे बघितल्यावर कुणीही नाकारू शकणार नाही. मलाही तसंच वाटायचं.

शेवटी संयुक्त पाहणी ठरली. दोन-तीन खात्यांची माणसं आली, बांधावर उभी राहिली, नाकाला रुमाल लावले. बूट खराब होतील म्हणून खाली कुणी उतरलं नाही. पंचनामा गाडीच्या बॉनेटवर लिहिला गेला. अधिकाऱ्याने तो आम्हाला वाचून दाखवला: सदर ठिकाणी झाडे वाळलेल्या स्थितीत आढळली, तोड आढळली नाही.

मॅडम म्हणाल्या, "बांध लिहा. पाणी अडल्यामुळे वाळली, असं लिहा."

"बांध कुणी घातला ते तुम्ही बघितलं का?"

"डंपर कुणाचे ते ठाऊक आहे."

"घालताना बघितलं का, असं विचारतोय."

आम्ही बघितलं नव्हतं. आम्ही महिन्यातून एकदा जायचो. अधिकारी थकलेला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, झाड वाळलं म्हणून मी कुणावर गुन्हा दाखल करू?" मॅडमनी सही केली नाही. त्यांच्या जागी बांधावर बघ्यांमध्ये उभ्या असलेल्या एकाने केली.

आमच्या इमारतीत तोपर्यंत सगळ्यांना समजलं होतं. मला वाटलं होतं, लोक साथ देतील. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, जंगल गेलं तर डास तरी कमी होतील. दुसऱ्याने लिहिलं, नवीन कॉम्प्लेक्स झालं की आपला रस्ता पक्का होईल, आपले भाव वाढतील. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझ्या नवऱ्याचा अंगठा होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "अगं, चुकून दाबला गेला." मी विषय वाढवला नाही. पण त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही आणि त्याने ते ओळखलंही नाही.

वाळलेली झाडं लोकांनी सरपणाला नेली. तेव्हा तोड झाली, सगळ्यांदेखत झाली, पण मेलेल्या झाडांची तक्रार घ्यायला कुणी तयार नव्हतं. मग भराव पूर्ण झाला आणि भोवती बांधकामाचे पत्रे लागले.

मॅडम शेवटच्या आल्या तेव्हा पत्र्यांच्या बाहेर उभ्या राहिल्या. चहाला घरी चला म्हटलं तर नको म्हणाल्या. रिक्षात बसताना बोलल्या, "आपण नुसतं मोजत बसलो गं. डॉक्टरने रोज ताप बघावा आणि औषध देऊच नये, तसं." मी म्हटलं, आपल्या हातात औषध नव्हतंच. त्या म्हणाल्या, "मग वर्षानुवर्षं आपण तिथे काय करत होतो?" पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. जाताना फोटोंची फाइल कॉलेजला देऊन गेल्या.

गेल्या वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती आली. त्याआधी प्राचार्यांनी ती फाइल कपाटातून काढायला लावली. हिरव्या, भरल्या तिवरांचे निवडक फोटो मोठे करून कॉरिडॉरमध्ये लावले. खाली लिहिलं: महाविद्यालयाचा खारफुटी संवर्धन उपक्रम. वाळलेल्या झाडांचा एकही फोटो घेतला नाही. मी विचारलं तर प्राचार्य म्हणाले, "ते बघून चांगलं नाही वाटत हो."

समितीतले एक गृहस्थ त्या फोटोंसमोर थांबले. "सुंदर. हे कुठे आहे?"

"होतं," मी म्हणाले. "आता तिथे इमारती आहेत."

ते म्हणाले, "तरी उपक्रम स्तुत्य आहे." आणि पुढच्या खोलीत गेले.

संध्याकाळी मी मॅडमना फोन करून हे सांगितलं. त्या चिडतील अशी माझी अपेक्षा होती, खरं तर इच्छाच होती. त्यांनी फक्त विचारलं, "फोटोंखाली आपली नावं टाकलीत का?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगू लागल्या.