आता तुमचा नंबर

स्पिरिटचा वास आला की मला महागावकडचं ते कुटुंब नियोजनाचं शिबिर आठवतं. आम्ही बाया हिरवे झगे घालून थंड फरशीवर ओळीनं बसलो होतो आणि आमचे नवरे बाहेर कडुनिंबाखाली तंबाखू मळत होते. यवतमाळहून आलेले म्हातारे सर्जन आमच्यापाशी थांबले. म्हणाले, "माणसाचं ऑपरेशन लहान, बाईचं मोठं. मंग एकही माणूस आत काहून नाई?" सोबत आलेली माझी सासू फटकन बोलली, "माणसाचा जोर जाते साहेब. त्याले पोते उचला लागते." डॉक्टर हसले नाहीत. "मायी नसबंदी मी तरणा असतानीच करून घेतली, माय. जोर गेला असता तं सकाळपासून टेबलापाशी उभा राह्यलो असतो काय?" साऱ्या बायांनी तोंडावर हात ठेवले. मी मात्र उठले, तशीच झग्यावर बाहेर गेले आणि सगळ्या माणसांसमोर नवऱ्याला म्हणाले, "दोन्ही बाळंतपणं म्या सोसली. आता तुमचा नंबर." सासू रडली, दीर तणतणला, पण मी काही परत ओळीत बसले नाही. शेवटी हेच उठून आत गेले, आणि त्या हंगामात कापसाची गाठोडी यांनी पहिल्यासारखीच उचलली. परवा डॉक्टरांच्या शोकसभेत सगळ्यांनी त्यांची मोफत ऑपरेशनं सांगितली, गावोगावची शिबिरं सांगितली. त्यांच्या स्वतःच्या नसबंदीची गोष्ट मात्र लाजेपायी कोणी काढेना. मी माईक मागितला. वाटलं, हे मागून पदर ओढतील. तर माझ्याआधी हेच उभे राहिले. "मले सांगू दे," म्हणाले, "ऑपरेशन मायं झालं."