डाव्या खांद्यावरचं दूध

आधीच सांगून टाकतो — भूत, बाधा, नजर यातलं मी काहीही मानत नव्हतो, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. त्यामुळे खाली कमेंटमध्ये कुणी मला बाबा-बुवांचे नंबर पाठवू नयेत. घडलं ते सांगतो, बस.

आमचं गाव दर्यापूरजवळ. घरची फुलशेती, आणि माल मी स्वतः अमरावतीच्या बाजारात नेऊन विकतो. माझी मुलगी स्वरा जन्मापासून ओकायची. सगळीच लेकरं ओकतात म्हणा, पण हिचं दूध वर येऊन छातीत जायचं आणि न्यूमोनिया व्हायचा. एक बरा होतो न होतो तोच दुसरा. औषधं झाली, दूध घट्ट करून पाजणं झालं... पाजल्यावर तिला उभं धरून फिरवायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या प्रत्येक शर्टाचा डावा खांदा कायम ओला. बाजारात लोक विचारायचे, फुलं विकता की दही?

आई म्हणायची, बाहेरचं आहे, उतरवून आणू. मी तिच्याशी कडाकडा भांडलो. शेवटी अकोल्याच्या एका सर्जननं ऑपरेशन सांगितलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला पोटाच्याच वरच्या भागाचा वेढा घालून टाके मारायचे, म्हणजे खाल्लेलं वर येत नाही. एवढ्याशा लेकरावर चाकू चालवता का, असं अख्ख्या नात्यानं सुनावलं. मी कुणाचं ऐकलं नाही, सही केली. आणि पोरगी सुधारली. न्यूमोनिया गेला, गाल भरले. घरी सोडताना सर्जननी बजावलं होतं — आता हिला सहसा उलटी होणार नाही. पोट फुगलं, दुखलं तर उलटीची वाट पाहू नका, थेट आणा. पण घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलं, ओकली नाही म्हणजे पोरगी ठणठणीत.

गेल्या वर्षी, भर दुपारी, मी बाजारात झेंडू तोलत होतो. डाव्या खांद्यावर गरम, ओलं काहीतरी पसरलं... तो वास मी झोपेतही ओळखीन. आंबूस दूध. फाटलेलं, पांढरं, शर्टावरून खाली ओघळत होतं. वर पत्रे, आजूबाजूला एकही लेकरू नाही. भास म्हणाल, तर शेजारी हार विकणाऱ्या सुशीलाबाईंनी मी तोंड उघडायच्या आधीच विचारलं, "काऊन भाऊ, पोरीले संग आणलं काय? खांदा भरला ना तुमचा."

मी घाबरलो. घरी फोन लावला. बायको म्हणाली, स्वरा सकाळपासून मलूल आहे, पोट टम्म झालंय, आईंनी ओव्याचं पाणी दिलंय, होईल बरी. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जीप कर आणि अकोल्याला ने, मी इकडून निघतो. ती वैतागली.

"ओकली नाही, काही नाही, मंग दवाखान्यात काहून न्याचं?"

"ओकली नाही म्हणूनच ने."

माझा आवाज असा लागला असावा की तिनं फोन ठेवला आणि जीप बोलावली. अकोल्यात तपासणी झाली. पोटात जुन्या ऑपरेशनमुळे आतडं चिकटून पिळलं होतं. दुसऱ्या लेकरानं ओकून ओकून घर डोक्यावर घेतलं असतं. हिला ते जमणारच नव्हतं. लगेच पोट उघडावं लागलं. नंतर सर्जन म्हणाले, उशीर झाला असता तर आतडं सडलं असतं. उलटी नसताना कळलं कसं, असं त्यांनी विचारलं. मी खांदा दाखवला. त्यांनी वाकून वास घेतला.

आता सगळे मला समजावायला येतात. आई म्हणते देवी धावली. मित्र म्हणतो बापाचं मन. मग मनाचा डाग सुशीलाबाईंना कसा दिसला? नातेवाईक म्हणतात, ऑपरेशनच केलं नसतं तर ही वेळ आली नसती. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे — ऑपरेशन केलं नसतं तर पोरगी तेव्हाच गेली असती. तिला सर्जननी वाचवलं, दोनदा. ते श्रेय मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

आईनं तो शर्ट देवघरात ठेवायला मागितला. दिला नाही. साबण लावून घासला, डाग निघाला. ते दूध आलं कुठून, मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंगही मी करणार नाही. पण उद्या पुन्हा खांदा ओला झाला, तर कारण शोधत बसणार नाही. आधी घरी फोन लावीन.