एकाच कारखान्यातली दोन इंजिनं

आमच्या रेल्वेच्या शेडमधले जुने लोक टपरीवर भेटलो की चहा निवतो, किस्से निवत नाहीत. एक काढला की मागे चार डबे लागूनच येतात!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नागभीडच्या छोट्या लाइनवर वाफेची इंजिनं होती. सी.सी. क्लास, विलायतेत बनलेली. पुढे चार लहान चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन लहान. श्रावणभाऊ ड्रायव्हर, मी त्यांचा फायरमन. दुसरे ड्रायव्हर दादाजीभाऊ. दोघांची इंजिनं एकाच कारखान्यातली. पण दादाजीभाऊंचं झटकन स्टीम धरायचं, आमचं चढ आला की धापा टाकायचं. श्रावणभाऊ जळायचे. “एकाच मायच्या दोन पोरी, माह्या वाट्याले रुसकी आली!”

*

दादाजीभाऊंचं इंजिन बॉयलर धुवायला उभं होतं, तेव्हा श्रावणभाऊंनी त्याची शिटी काढून आपल्या इंजिनाला लावली, आपली त्याला. दादाजीभाऊंचं घर स्टेशनला लागून; त्यांच्या शिटीचा सूर वहिनी बरोबर ओळखायच्या. दुसऱ्या दिवशी शिटी ऐकून वहिनींनी ताट वाढलं. बाहेर येऊन पाहतात तर इंजिनात श्रावणभाऊ!

दादाजीभाऊ दोन तासांनी पोचले. भात गार, वहिनी गरम. “शिटी तुमची, मानूस दुसराच! मी वाढू कोनाले?”

*

श्रावणभाऊ इंजिनाचं पितळ रोज चिंचेनं घासायचे. एक दिवस त्यांच्या पार्वताबाई डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन थेट शेडमध्ये आल्या. “सवतीले रोज घासून राह्यले ना? आता माहा गुंडही घासा!”

सगळ्या शेडसमोर घासला.

*

एकदा दोन गोरे पाहुणे कॅमेरे घेऊन आले. दादाजीभाऊ नवा शर्ट घालून तयार. गोऱ्यांनी फोटो काढले ते फक्त आमच्या इंजिनाचे!

“माह्या इंजिनाचा काऊन नाई?”

त्यांच्यासोबतचा गाइड म्हणाला, “तुमच्याचे पार्ट बदललेत म्हणे. याचे सगळे मूळचे.”

“म्हणूनच चढावर थकते ती!” श्रावणभाऊ छाती फुगवून बोलले. दादाजीभाऊंनी आठवडाभर तोंड फिरवलं.

*

मग डिझेल आलं. वाफेच्या शेवटच्या फेरीला दादाजीभाऊंचं इंजिन निवडलं, ड्यूटीही त्यांचीच. श्रावणभाऊ दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत.

त्या सकाळी दादाजीभाऊ म्हणाले, “माहं पोट दुखून राह्यलं. श्रावणले बोलवा.” म्हणताना हातात भज्यांची प्लेट होती!

श्रावणभाऊ जवळजवळ धावतच आले. चांदा फोर्टला जाऊन परत आलो. चढावरसुद्धा प्रेशरचा काटा हलला नाही, मला फावडंही फारसं उचलावं लागलं नाही.  श्रावणभाऊंनी फक्त एकदा रेग्युलेटरच्या दांड्यावरून हात फिरवला.

दादाजीभाऊ फलाटावर वाट पाहत होते. “कशी चालली?”

श्रावणभाऊ उतरले, हात पुसले. “काही दम नाई तिच्यात. माहीच बरी होती.”

दादाजीभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मले मालूम होतं.”