चांगल्या हातातली खटारा गाडी

भारी ड्रायव्हर भंगार गाडीत जिंकू शकतो का, हा वाद माझ्या मावसभावाने काढला. म्हसावदच्या चहाच्या टपरीवर. तो मोबाइलवर परदेशातल्या मोटारींच्या शर्यती बघतो. त्याचा लाडका ड्रायव्हर त्या वर्षी एका मागे पडणाऱ्या संघात गेला होता आणि दर रविवारी मागेच राहत होता. भावाला ते पटतच नव्हतं.

"गाडी भंगार शे, त्याना काय दोष? पानी पडू द्या, तो त्याच गाडीमा पयला येई."

समोर नाना बसले होते. सातपुड्याच्या वरच्या पाड्यांवरून पेशंट खाली आणणाऱ्या अँब्युलन्सचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, कमी बोलणारे.

"पानी पडनं का पुढलाबी हळू चालस," नाना बशीत चहा ओतत म्हणाले. "म्हनीसन मागला बरोबरीले येस. पानी काय रोज पडस का?"

मी म्हटलं, "नाना, तुम्ही तर रोज भंगारच चालवता आणि रोज पहिले येता."

सगळे हसले. नानाही हसले. तिथेच माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं.

मी पत्रकं लिहिते. पाड्यांच्या सोयींसाठी भांडणाऱ्या आमच्या चार-पाच जणांच्या गटात मला तेवढंच जमतं. त्या गाडीची दशा मला तोंडपाठ होती. टायर गुळगुळीत, मागचं दार दोरीने बांधलेलं, आणि ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागत नसे. नवी गाडी कोणी द्यायची यावर दोन ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवत होती. मी त्यांची सालटी काढायला बसले आणि लिहून मात्र भलतंच बसले. मथळा दिला 'घाटाचा राजा'. ब्रेक नसलेल्या गाडीत हा माणूस प्रत्येक पेशंट सुखरूप खाली आणतो, प्रत्येक वळण त्याला नावानिशी ओळखतं, वगैरे. बाजाराच्या दिवशी ते पत्रक लोकांना वाटलं. नानांनी एक प्रत घडी करून खिशात ठेवली. मला वाटलं, हे वाचून गाडी मंजूर करणाऱ्या साहेबांना लाज वाटेल.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "छान लिहिता तुम्ही. पण ताई, तुम्हीच म्हणता की हा माणूस कसलीही गाडी खाली आणतो. मग नवी गाडी जिथे असा ड्रायव्हर नाही तिथे आधी द्यायला नको का?"

आणि माझं पत्रक त्यांनी नव्या गाडीसाठीच्या आमच्याच अर्जाला टाचणी लावून जोडलं. मी बरंच तावातावाने बोलले. ते मान डोलवत राहिले.

त्यानंतर दिवाळी झाली आणि मी अर्जावर सह्या घ्यायला वर एका पाड्यावर गेले होते. सकाळी दहाच्या सुमाराला तिथल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, आणि मूल आडवं असावं असं आरोग्याचं काम बघणारी तिथली आशाताई म्हणाली. ती फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर धावली. नाना गाडी घेऊन आले. आत ती बाई, तिची सासू आणि मी. आशाताई मागे राहिली, तिच्याकडे दुसरी एक बाळंतीण होती.

नानांनी माझ्या मांडीवर लाकडी ठोकळा ठेवला. त्या गाडीचा तो नियमच होता. दाराजवळ बसेल त्याच्याकडे ठोकळा. घाटात गाडी थांबली की त्याने उडी मारून तो चाकापुढे लावायचा. पाड्यांवरच्या सगळ्यांना हे माहीत होतं. मी पत्रकात लिहिलं नव्हतं, कारण मी त्या गाडीने कधी उतरलेच नव्हते.

"नाना, ब्रेक?"

"शे थोडा," ते म्हणाले.

पहिली दोन वळणं त्यांनी पहिल्या गिअरवर काढली. इंजिन रडत होतं. जळका वास आत आला. नानांचा उजवा पाय सारखा वर-खाली होत होता, आणि मी त्या पायाकडेच बघत होते. दरीकडे बघायची हिंमत नव्हती. बाई ओरडायची थांबली होती, त्याची मला जास्त भीती वाटत होती. सासू त्यांच्या पावरी बोलीत तिच्याशी एकसारखं हळू बोलत होती. मला त्यातला शब्द कळत नव्हता.

तिसऱ्या वळणावर खालून चाऱ्याचा ट्रॅक्टर आला. रस्ता भरून. नानांनी पाय दाबला, सोडला, दाबला. गाडी तशीच जात राहिली. त्यांनी स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं. डावी बाजू दगडाला घासत गेली, पत्रा फाटल्याचा आवाज झाला आणि गाडी मंदावली, थांबली, आणि पुन्हा इंच-इंच सरकायला लागली.

"ठोकळा," नाना म्हणाले. आवाज न चढवता.

मी उतरले नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच. दोरी सोडायची, उतरायचं, लावायचं, एवढंच होतं. मी ठोकळा छातीशी धरून बसले. सासूने तो माझ्या हातातून ओढून घेतला, दोरी सोडली, लुगडं सावरत उडी मारली आणि पुढच्या चाकाखाली सारला. मग परत येऊन सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

ट्रॅक्टरवाल्याने मागे घेतलं. आम्ही उतरलो. म्हसावदला त्या बाईला आत नेलं. आई-मूल दोघं वाचली.

दवाखान्याबाहेरच्या पायरीवर नाना बसले. मी चहा आणला. त्यांनी तो न पिताच खाली ठेवला.

"तुन्हा भाऊले सांग," ते म्हणाले. "भंगार गाडीमा भारी ड्रायव्हर जिकत नई. तो फक्त मरत नई. आन् मरत नई म्हनीसन लोक म्हनतस, गाडी चांगली शे."

"नाना, मी चुकीचं लिहिलं."

"मंग आते बरोबर लिख. लिख का नाना घाबरना. रोज घाबरस."

"लोक तुमच्या गाडीत बसणार नाहीत."

"नकोच बसाले."

मी लिहिलं, त्यांनी खाली सही केली. या वेळी साहेबांना त्याची दखल घ्यावीच लागली, कारण खुद्द ड्रायव्हर म्हणत होता की गाडी चालवण्यालायक नाही. चार दिवसांत गाडी वर्कशॉपला गेली. आमच्या गटाने पेढे वाटले. मीही एक खाल्ला. मग कोणीतरी विचारलं की बदली गाडी कधी येणार. साहेब म्हणाले, प्रस्ताव पाठवलाय.

अजून ती आलेली नाही, वर्कशॉपमधलीही परत आली नाही. वरच्या पाड्यांवर सध्या बांबूला झोळी बांधून पेशंट खाली आणतात. नाना घरीच असतात. रोज मला विचारतात, "काही फोन ऊना का?" मी नाही म्हणते. गाडी मीच थांबवली, हे त्यांना माहीत आहे, मलाही. आशाताईचा नंबर स्क्रीनवर दिसला की मी उचलायच्या आधी जरा थांबते, आणि तेवढ्या वेळात झोळीतलं कोणी वाटेतच गेलं तर नाही ना, एवढंच मनात येतं.