उणे तास

दुष्टपणा करायला माणसाला फार मोठं कारण लागत नाही. माझं कारण एक लाकडी पट्टी होती.

भोरच्या बाजारपेठेत एका टायपिंग क्लासमधून मी मराठी तीसच्या, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या, परीक्षेला बसलो. क्लासचे सर आंबवड्याहून पहिल्या एसटीनं यायचे. चुकीच्या कळीवर बोट पडलं की बोटावर पट्टी पडायची. तक्ता टाइप करायचा असला की यंत्राला हात लावायच्या आधी ते सगळा मजकूर वाचायला लावत. "सगळ्यात लांब नोंद कंची, मोकळी जागा कुठं हाय, ते आदी बघ. मग रकाने पाड." मी न वाचताच रकाने पाडायचो आणि मार खायचो, तोही मुलींसमोर. तो डूख मी धरून ठेवला.

पुढे कॉम्प्युटर आले, क्लास बसला, सरांची यंत्रं भंगारात गेली. मी पुण्यात सहा महिन्यांचा लिनक्सचा कोर्स केला आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन परत आलो. कापूरहोळला टायरचं दुकान असलेल्या एकानं भोरमध्ये डेटा एंट्रीचं सेंटर काढलं होतं. शाळांची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम. सात कॉम्प्युटर, सात माणसं. मी सुपरवायझर झालो. सातव्या कॉम्प्युटरवर, दाराशी, सर बसायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "तुमी" म्हटलं. मला ते आवडलं.

माणसं वेळ मारून नेतात, अशी मालकाला शंका होती. त्याला हजेरी हवी होती, पण माणसानं लिहिलेली नको. मी म्हटलं, कॉम्प्युटरच सांगेल. लिनक्सला 'लास्ट' एवढी आज्ञा दिली की कोण किती वाजता बसलं आणि किती वाजता उठलं, याची रकाने पाडलेली यादी समोर येते. मी एका बैठकीत प्रोग्राम लिहिला: या रकान्यातून बसल्याची वेळ उचल, त्या रकान्यातून उठल्याची, वजाबाकी कर, बेरीज मांड. यादीच्या वरच्या चार-पाच ओळी पाहिल्या, बरोबर वाटल्या. काही उत्तरं मात्र उणे येत होती. उणे तास कागदावर बरे दिसत नाहीत, म्हणून उणे आलं की ती ओळ टाकून दे, असंही मीच लिहिलं.

महिनाअखेरीस कागद निघाला. सहा जणांचे तास ठीक होते. सरांचे निम्मेही नव्हते.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. प्रिंटरमधून कागद फाडताना माझी जुनी बोटं मला आठवली.

मालकानं सगळ्यांना उभं केलं आणि सरांचे तास मला तारीखवार वाचायला लावले. मी मुद्दाम आवाज चढवून वाचले.

"म्या रोज धाला येतो," सर म्हणाले. "लाईट जाती तवा माझा कॉम्प्युटर बंद पडतो. म्या हितंच बसून ऱ्हातो. आली की परत चालू करतो."

"लाईट काय तुमच्या एकट्याचीच जाती व्हय?" मालक म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

एकट्याचीच जायची. भारनियमनाचे दिवस होते, लाईट रोज दुपारी जायची. इन्व्हर्टर सहाच कॉम्प्युटरांचा भार ओढायचा. सातवा थेट खांबावरून येणाऱ्या लाईटवर होता. वायरमनकडून ती जोडणी मीच करून घेतली होती.

"कॉम्प्युटर खोटं बोलतो का रे?" मालकानं मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. सरांचं काम तिथंच गेलं.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांच्या खुर्चीत बसलो आणि ती यादी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. पहिल्यांदाच. लाईट गेलेल्या प्रत्येक दिवशी उठल्याच्या रकान्यात वेळच नव्हती, 'क्रॅश' असा शब्द होता. माझ्या प्रोग्रामनं त्या शब्दाला शून्य मानलं, वजाबाकी उणे आली, आणि सांगितल्याप्रमाणे त्यानं ती अख्खी बैठक टाकून दिली. त्याच ओळीच्या शेवटी, सर बसल्यापासून कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईपर्यंतचा काळ यादीनं स्वतःच कंसात मांडून ठेवला होता. दहा मिनिटांत मी दुरुस्ती केली आणि नवा कागद काढला. सातांत सरांचे तास सगळ्यात जास्त भरले.

तो कागद मी बारीक फाडला. चूक कबूल केली असती तर माझीच खुर्ची गेली असती. केवळ त्या भीतीनं गप्प बसलो असतो तर आज स्वतःला माफ केलं असतं. पण मला भीती वाटली नव्हती, मजा वाटली होती.

संध्याकाळी सरांनी अनुभवाचं पत्र मागितलं. शिवऱ्याला एका संस्थेत टायपिस्ट हवा होता. "दे लिहून," मालक मला म्हणाला, "वेळेचं तेवढं घाल." मी टाइप केलं: काम उत्तम, मात्र कामाच्या वेळा पाळत नाहीत. या वाक्यावर त्यांना कुणी दारात उभं करणार नाही, हे मला टाइप करतानाच कळत होतं.

सरांनी चष्मा लावला आणि उभ्यानंच पत्र दोनदा वाचलं. आता ते बोलतील, असं मला वाटलं.

"चूक न्हाई एकबी," ते म्हणाले. "समास बी बरुबर सोडलाय."

"थँक्यू, सर," मी म्हणालो.